रूप बदलणारे रोबो: पहिलं किट जोडण्यापासून ढिला सांधा दुरुस्त करण्यापर्यंत

उभा रोबो देखणा असतो, त्याचंच झालेलं विमान किंवा ट्रकही देखणा असतो. पण या छंदाची खरी मजा या दोन रूपांच्या मधल्या काही मिनिटांत आहे. छाती उघडते, डोकं आत शिरतं, पाय उलटे फिरतात, हात कुठेतरी पोटात गडप होतात. या सगळ्या उलाढालीत जवळजवळ प्रत्येक भाग दुसऱ्या एखाद्या भागाला चाटून जातो. नुसत्या उभ्या राहणाऱ्या मॉडेलला रंगाचा एखादा जादा थर खपून जातो. इथे तोच थर बिजागरी अडवतो, नाहीतर पहिल्याच फेरीत खरवडून निघतो. म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्याने कापताना, घासताना, चिकटवताना आणि रंगवताना एकच प्रश्न सतत विचारायचा: हा भाग हलताना कुठून जाणार, आणि त्या वाटेवर जागा किती आहे? पुढे जे सांगतोय ते सगळं या प्रश्नाला धरूनच आहे.

किट घ्यायचं की तयार खेळणं?

दोन्हींचा उगम जपानमधला, पण घराणी वेगळी. टाकारा कंपनीची 'डायाक्लोन' ही मालिका १९८० सालची, 'मायक्रो चेंज' १९८३ची. अमेरिकेच्या हॅस्ब्रोने या दोन्हींतली खेळणी एकत्र करून १९८४ मध्ये 'ट्रान्सफॉर्मर्स' या नावाने विकायला काढली. ही खेळणी कारखान्यातून जोडूनच येतात: मुख्यतः एबीएस प्लास्टिक, स्क्रू आणि धातूच्या पिना. मोठ्यांसाठीची बारकाव्यांची 'मास्टरपीस' मालिका २००३ मध्ये ऑप्टिमस प्राइम या रोबोने सुरू झाली. अशा खेळण्यात तुमचं काम जोडण्याचं नसतं, सुधारण्याचं असतं.

किटच्या घराण्यात बंदाई या जपानी कंपनीचं नाव आधी येतं. 'गंडम' ही रोबोंची कार्टून मालिका १९७९ मध्ये टीव्हीवर आली आणि जुलै १९८० मध्ये तिचं पहिलं १/१४४ प्रमाणातलं किट ३०० येनला बाजारात आलं. विमान होणारा झीटा गंडम १९८५ च्या मालिकेतला. त्याच्याही आधी, १९८२ मध्ये, 'मॅक्रॉस' या कार्टून मालिकेतली व्हीएफ-१ व्हॅल्करी आली होती: डिझायनर शोजी कावामोरी यांनी एफ-१४ टॉमकॅटवर बेतलेलं लढाऊ विमान, ज्याची इंजिनं म्हणजेच रोबोचे पाय आणि पोटाखालची लेझर तोफ म्हणजेच रोबोचं डोकं. नव्या माणसाने हे डिझाइन एकदा तरी शांतपणे पाहावं. एकही भाग नुसता ओझं म्हणून वाहिलेला नाही, प्रत्येक भाग दोन्हीकडे कामाला येतो. चांगलं रूपांतर कशाला म्हणायचं याचा इतका स्वच्छ नमुना क्वचित सापडतो.

गंडम किटांचे दर्जे खोक्यावर लिहिलेले असतात. हाय ग्रेड म्हणजे एचजी (१९९० पासून, बहुतेक १/१४४), मास्टर ग्रेड म्हणजे एमजी (१९९५ पासून, १/१००), परफेक्ट ग्रेड (१९९८ पासून, १/६०) आणि रिअल ग्रेड म्हणजे आरजी (२०१० पासून, पुन्हा १/१४४, पण आतल्या सांगाड्यासकट). कथेतला १८ मीटरचा रोबो १/१०० मध्ये १८ सेंटिमीटरचा होतो, १/१४४ मध्ये साडेबारा. हा फरक रूपांतराच्या बाबतीत फार मोठा आहे, कारण बिजागरीची जाडीही त्याच प्रमाणात घटते.

माझा सल्ला असा. पहिलं किट रूप न बदलणारं, साधं एचजी घ्या आणि हात बसवा. दुसरं असं घ्या ज्यात काही भाग काढून दुसरे लावले की विमान होतं. एचजी झीटा याच प्रकारचं आहे. तिसरं, पूर्ण रूपांतर होणारं, १/१०० एमजी असू द्या. आरजी झीटा १/१४४ मध्येच पूर्ण रूपांतर करतो, तो अभियांत्रिकीचा अप्रतिम नमुना आहे, पण त्याच्या बारीक बिजागऱ्या शिकाऊ हातांसाठी नाहीत. तो पहिला घेऊ नका, कितीही मोह झाला तरी.

विकत घेण्याआधी अजून एक तपासा: खोक्यातला रोबो खरोखर रूप बदलतो का? हासेगावा कंपनीची १/७२ व्हीएफ-१ किटं फार सुंदर आहेत, पण विमान वेगळं आणि रोबो वेगळा. दोन्ही स्थिर, आणि गोंद व रंग लागणारी. खोक्यावर सगळ्या रूपांचे फोटो असले तरी जोडणीच्या पुस्तिकेचं चित्र शोधून पाहा, त्यात भाग बदलायचे आहेत की वळवायचे ते कळतं. नकली किटांच्या वाटेला सुरुवातीला जाऊ नका. साध्या रोबोत थोडा सैल बसणारा भाग चालून जातो, रूपांतरात तोच सगळी साखळी बिघडवतो.

आधी प्लास्टिक ओळखा

किटचे भाग ज्या चौकटीला लागून येतात तिला रनर म्हणतात, आणि भाग जिथे रनरला चिकटलेला असतो तो गेट. रनरच्या पट्टीवर एका कडेला बारीक अक्षरांत प्लास्टिकचं नाव कोरलेलं असतं: पीएस, एबीएस, पीई. ही तीन नावं बघण्याची सवय लावा, कारण पुढचे निम्मे निर्णय तिथूनच होतात.

पीएस म्हणजे पॉलिस्टायरीन. बाहेरचं चिलखत बहुधा याचंच. कापायला, घासायला, रंगवायला सोपं, आणि मॉडेल सिमेंट या गोंदाने विरघळून एकजीव होतं. एबीएस जास्त चिवट, म्हणून जुन्या किटांत सांगाडा आणि सांधे याचे असतात. पण त्याचा एक वैरी आहे: इनॅमल रंग पातळ करायचा थिनर. ताणाखाली असलेल्या एबीएसमध्ये हा थिनर झिरपला की खुंटीच्या मुळाशी चीर पडते, कधी लगेच, कधी दुसऱ्या दिवशी. पीई म्हणजे पॉलिथिन, म्हणजे सांध्यात बसणाऱ्या राखाडी, मऊसर पॉलिकॅप. यावर गोंदही धरत नाही आणि रंगही. ते जसेच्या तसे वापरायचे. तयार खेळण्यांत याशिवाय पीव्हीसीचे लवचिक भाग, पॉम नावाच्या गुळगुळीत प्लास्टिकचे सांधे आणि कधी ओतीव जस्ताचे वजनदार भाग सापडतात.

पारदर्शक प्लास्टिकची गोष्ट वेगळी सांगायला हवी. गाडी होणाऱ्या खेळण्यांत काचा, छप्पर आणि त्यांना धरणारी बिजागरी बऱ्याचदा एकाच पारदर्शक तुकड्यात ओतलेली असते आणि वरून गाडीचा रंग मारलेला असतो. वरवर पाहता कळत नाही. असं प्लास्टिक ठिसूळ असतं, वाकत नाही, सरळ तुटतं. आतल्या बाजूने टॉर्च धरून पाहा. बिजागरी उजळली तर तिथे हात हलका ठेवा.

हत्यारं

फार लागत नाही. एकाच बाजूने सपाट असलेलं चांगलं निपर (भाग कापायची छोटी पक्कड), धारदार हॉबी चाकू आणि त्याची जादा पाती, कटिंग मॅट, बारीक टोकाचा चिमटा, ४०० ते १००० नंबरचे पॉलिश पेपर आणि ते चिकटवायला एक सपाट पट्टी. सगळे पैसे एकाच ठिकाणी घालायचे झाले तर निपरवर घाला. खेळणी उघडायची असतील तर छोटे स्क्रू ड्रायव्हर लागतील. जपानी बनावटीच्या स्क्रूची खाच जपानी मानकाची असते. साध्या फिलिप्स टोकाने ती निसटते आणि डोकं झिजतं. जपानी मानकाचा ड्रायव्हर मिळाला तर तोच वापरा. झिजलेल्या डोक्याचा स्क्रू खोल भोकातून काढण्यासारखी कटकट या छंदात दुसरी नाही.

कापणं: विशेषतः जिथे दिसत नाही तिथे

भाग रनरपासून दोन वेळा कापायचा. पहिल्यांदा भागापासून दोन-तीन मिलिमीटर दूर, म्हणजे भाग चौकटीतून सुटा होतो आणि ताण जातो. मग सपाट बाजू भागाकडे ठेवून दुसरा काप, पण अगदी टेकवून नाही. अर्धा मिलिमीटर राहू द्या. उरलेला उंचवटा चाकूने पातळ पातळ काढा आणि ६०० च्या पेपरने घासा. एकदम टेकवून कापलं तर प्लास्टिक दाबलं जाऊन पांढरा डाग पडतो, आणि गडद निळ्या किंवा काळ्या भागावर तो जन्मभर दिसतो.

बहुतेक जण दिसणाऱ्या बाजूचा गेट जीव लावून साफ करतात आणि आतल्या बाजूचा तसाच सोडतात. रूप बदलणाऱ्या किटमध्ये उलट करायला हवं. खांद्याची एखादी दुहेरी बिजागरी घ्या: दोन पातळ कान, मधे जीभ. त्या जिभेच्या कडेवर गेटचा पाव मिलिमीटर उंचवटा राहिला तर काय होतं? बिजागरी बसते, फिरतेही, फक्त एका बाजूला किंचित कलते. तो कल खांद्यावरून हातात जातो, आणि विमानाच्या रूपात हात पोटात घडी घालताना कोपर शेजारच्या पॅनेलला टेकतं. पॅनेल बंद होत नाही. तुम्ही दाबता. काहीतरी तुटतं. आणि दोष सापडतो कुठे, तर चार भाग मागे, खांद्यात. म्हणून बिजागरीच्या दोन्ही सपाट बाजू बोटाच्या नखाने चाचपून पाहा. नख अडखळलं तर घासा, पण आसाच्या भोकाला पेपर लावू नका, नाहीतर सांधा कायमचा ढिला.

खुंट्यांबद्दल एक बारीक युक्ती. रंगासाठी भाग पुन्हा सुटे करायचे असतील तर वरच्या चिलखताच्या खुंटीचं टोक तिरकं छाटून ठेवा, मग भाग सहज उघडतो. मात्र ज्या खुंट्या एखाद्या सांध्याच्या दोन्ही अर्ध्या भागांना आवळून धरतात, त्यांना हात लावायचा नाही. रूपांतरात सगळा जोर त्यांच्यावरच येतो. उलट, असा जोड थोडा उघडत असेल तर तिथे सिमेंटचा एक थेंब द्यावा, सांध्यापासून लांब.

काही भागांवर, विशेषतः डोक्याच्या शिंगांवर, टोकाला एक चपटा तुकडा दिसतो. तो मुलांना टोचू नये म्हणून ठेवलेला असतो. घरात लहान मूल नसेल तर छाटून घासलं की शिंग टोकदार दिसतं.

रंगाआधी एक पूर्ण फेरी

सगळं किट आधी कोरडं जोडा, म्हणजे रंग नाही, गोंद नाही, स्टिकर नाही, आणि एकदा रोबोचं विमान व विमानाचा पुन्हा रोबो करून पाहा. सावकाश. ही फेरी कोणीही टाळू नये. पुस्तिकेतला क्रम कुठल्याही हौसेखातर मोडू नका. झीटाचं उदाहरण घ्या: डोकं छातीत खाली जातं, हात आतल्या जागेत घडी होतात, ढाल पोटाखाली येऊन विमानाचं नाक बनते. डोकं खाली जाण्याआधी वरचं पॅनेल मिटवलं तर शिंगं मोडतात; इतकं सरळ आहे ते. परत रोबो करताना पुस्तिका शेवटच्या चित्रापासून उलटी वाचायची. अंदाजाने करायला गेलात की कुठलातरी अडसर राहून जातो.

या फेरीत एक पेन्सिल जवळ ठेवा. जिथे दोन भाग घासतात तिथे पेन्सिलने हलका पट्टा काढा आणि पुन्हा फिरवा. पट्टा पुसला गेला तर ती घासणारी जागा. मग साध्या छपाईच्या कागदाची एक चिंचोळी पट्टी त्या फटीत सरकवा. असा कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो. पट्टी अडकत असेल तर तिथे रंगाला जागा नाही: एकतर दोन्ही बाजू ६०० च्या पेपरने उतरवा, किंवा ती जागा रंगवूच नका. मला ही कागदाची परीक्षा कुठल्याही मोजपट्टीपेक्षा भरवशाची वाटते, कारण ती थेट त्या सांध्यालाच विचारते.

आणि जोर. भाग हलत नसेल तर थांबा. नव्वद टक्के वेळा कुठेतरी खाचेत बसलेली जीभ सोडवायची राहिलेली असते, किंवा तो सांधा त्या दिशेला फिरतच नाही. थंडीत प्लास्टिक जास्त ठिसूळ असतं. घट्ट बिजागरी हातात धरून थोडी गरम होऊ द्या, किंवा हेअर ड्रायरची कोमट हवा लांबून द्या.

सांधे: ढिले, घट्ट आणि तुटलेले

खरं कसब इथे आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

गोळ्याचा सांधा ढिला झाला की लोक वाटीत सुपरग्लूचा थेंब सोडतात आणि हात हलवत राहतात. हा जुगार आहे. गोंद वेगाने धरला तर सांधा कायमचा जाम. त्यापेक्षा गोळा वाटीतून बाहेर काढा, भांड्याच्या साबणाने धुऊन वाळवा, आणि त्याच्यावर पातळ सुपरग्लू किंवा फरशीचं ॲक्रिलिक पॉलिश ब्रशने लावा. पूर्ण वाळू द्या. सुपरग्लू तासाभरात कडक झाला असं वाटलं तरी रात्रभर ठेवणं बरं. पॉलिशला एक दिवस हवाच. मग बसवून पाहा. अजून ढिला असेल तर दुसरा थर, जास्त घट्ट झाला तर १००० च्या पेपरचा एक हलका हात. पॉलिशचा फायदा असा की ते चुकलं तरी सांधा मरत नाही. सुरुवात त्यानेच करा.

आसावर फिरणाऱ्या बिजागरीत आस सहसा बाहेर काढता येत नाही. तिथे पॉलिशचा अगदी छोटा थेंब टूथपिकने फटीत सोडायचा आणि वाळेपर्यंत अधूनमधून सांधा फिरवत राहायचा. सुपरग्लू इथे अजिबात नको. पॉलिकॅप सैल झाला असेल तर त्याला काही न करता त्यात जाणारी खुंटी जाड करा, तीही बाहेर काढून आणि वाळवून.

कट-कट आवाज करत थांबणारा सांधा म्हणजे आत दातेरी चकती आणि बहुधा स्प्रिंग. त्याला घट्ट करायला काहीही लावू नका. तो दाते झिजल्यामुळे ढिला होतो, लेप देऊन दाते परत येत नाहीत.

घट्ट सांध्यासाठी फक्त सिलिकॉन तेल किंवा सिलिकॉन ग्रीस, टूथपिकच्या टोकाएवढं. घरातलं यंत्राचं तेल किंवा गंज सोडवायचा फवारा प्लास्टिकवर मारू नका. काही प्लास्टिकं त्याने कालांतराने तडकतात. आणि तेल लावलेल्या जागी पुढे रंग धरणार नाही हेही लक्षात असू द्या.

खुंटी तुटली तर नुसत्या गोंदाचा जोड रूपांतरात टिकत नाही. हाताने फिरवायच्या बारीक ड्रिलने, म्हणजे पिन वाइसने, दोन्ही तुकड्यांत १ मिलिमीटरचं भोक पाडा, त्यात पितळी तार बसवा आणि मग सुपरग्लू. भोक मध्यावर येण्यासाठी आधी सुईने खूण टोचून घ्या. एबीएसला साधं मॉडेल सिमेंट नीट धरत नाही. ज्या बाटलीवर एबीएससाठी असं लिहिलंय तीच वापरा.

रेषा, रंग आणि वरचा थर

पॅनेलच्या खाचांमध्ये गडद रेषा भरल्या की साधं किटही उठून दिसतं. पांढऱ्यावर राखाडी, लाल-पिवळ्यावर तपकिरी, निळ्या-काळ्यावर काळी. बारीक टोकाचा पेन सुरुवातीला उत्तम. वाहता इनॅमल रंग सुंदर बसतो, पण एबीएसचं वर सांगितलेलं दुखणं आठवा: भाग सुटा असताना, खुंटीवर ताण नसताना, चकचकीत क्लिअर कोटच्या वरून, आणि अगदी थोडा. जास्तीचा रंग रेषेला आडवा पुसा, म्हणजे खाचेतला निघत नाही.

पूर्ण रंगकामाचा विचार करत असाल तर आधी विचारा की खरंच हवं का. बंदाईची किटं रंगीत प्लास्टिकमध्येच येतात. रूप बदलणाऱ्या रोबोत घासणारे भाग मूळ प्लास्टिकच्याच रंगात ठेवले, रेषा भरल्या आणि वरून एक क्लिअर थर दिला, तर ते वर्षानुवर्षं ओरखड्याशिवाय राहतात. मला तरी हेच सगळ्यात समंजस वाटतं. ठरवलंच असेल तर भाग साबणाने धुवा, १००० च्या पेपरने हलके घासा, प्रायमरचा पातळ थर द्या आणि रंगाचे दोन-तीन पातळ थर. लॅकर सर्वांत चिवट बसतो, पाण्याचे ॲक्रिलिक त्याहून मऊ, इनॅमल सर्वांत नाजूक. सांध्याची भोकं आणि आस टेपने झाका. आणि रंग हाताला कोरडा लागला म्हणून लगेच रूपांतर करू नका, आठवडाभर थांबा. वरून कोरडा रंग आतून मऊ असतो आणि दाबाखाली सोलून निघतो.

मॅट थर फोटोत छान दिसतो. पण घासणाऱ्या जागी तो चकचकीत पट्टे धरतो आणि सरकताना खरखरतो. तिथे सेमी-ग्लॉस घ्या. दमट दिवशी मॅट फवारा मारला तर पांढुरकी झाक येते, त्यामुळे कोरड्या दिवसाची वाट पाहा. पारदर्शक भागांवर मॅट कधीच नको. पीव्हीसीच्या लवचिक भागांवर काही रंग कधीच पुरते वाळत नाहीत, चिकटच राहतात. आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यावर चाचणी घ्या.

लॅकरचा फवारा बंद खोलीत मारू नका. सेंद्रिय वाफा अडवणारा फिल्टरचा मास्क लागतो. साधा धुळीचा मास्क वाफ अडवत नाही. घासताना मात्र धुळीचा मास्क पुरतो, आणि पाणी लावून घासलं तर धूळ उडतच नाही.

तयार खेळणं उघडताना

कागदावर खेळण्याची ढोबळ आकृती काढा आणि निघालेला प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी टेपने चिकटवा. लांबी सारखी दिसली तरी सारखी नसते. लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला तर पलीकडून बाहेर येतो. स्प्रिंग असल्याचा संशय असेल तर भाग पारदर्शक पिशवीत धरून उघडा. परत लावताना स्क्रू आधी उलटा फिरवा. जुन्या आट्यांमध्ये तो टचकन खाली बसतो, मग सुलटा आवळा. थेट आवळलं तर नवे आटे पडतात आणि दोन-तीन वेळा उघडल्यावर भोकात पकड उरत नाही.

पिना वेगळ्या. धातूच्या पिनेचं एक टोक गुळगुळीत असतं आणि दुसऱ्या टोकाला बारीक दाते, जे प्लास्टिकमध्ये रुततात. पिनेपेक्षा थोड्या बारीक सळईने गुळगुळीत टोकाकडून ठोकायचं, म्हणजे दातेरी टोक बाहेर येतं. खाली भोक पाडलेला लाकडी ठोकळा ठेवा, नाहीतर पिनेला जायला जागाच नसते आणि कान फाटतो. परत बसवताना जिथून बाहेर आली त्याच बाजूने, गुळगुळीत टोक आधी घालून, दाते जुन्या खाचांत आणून, पकडीने दाबत न्या. हातोडी नको.

सुधारणांमध्ये सर्वांत समाधान देणारी म्हणजे न मिटणारं पॅनेल नीट मिटवणं. गाडीचं दार किंवा पाठीचा पत्रा एका बाजूला उघडा राहत असेल तर २ किंवा ३ मिलिमीटर व्यासाचे, १ मिलिमीटर जाडीचे निओडिमियम चुंबक दोन्ही बाजूंना बसवा. बसवण्याआधी दोन्ही एकमेकांना चिकटवून बाहेरच्या बाजूंवर मार्करने खूण करा. खुणांच्या बाजू आत गेल्या की एकमेकांना ओढतील, ढकलणार नाहीत. हे चुंबक लहान मुलांच्या हाती लागता कामा नयेत. दोन गिळले गेले तर आतड्याच्या भिंतींना मधे धरून एकमेकांना चिकटतात आणि शस्त्रक्रियेची वेळ येते.

पोकळ दिसणाऱ्या टाचा आणि दंड भरायला प्लास्टिकच्या पातळ शीट किंवा एपॉक्सी पुट्टी चालते. त्यासाठी थ्रीडी प्रिंट केलेले तयार भागही मिळतात. इथेच पहिला प्रश्न परत येतो. ती पोकळी बऱ्याचदा दुसऱ्या रूपात मूठ किंवा चाक ठेवायची जागा असते. भरण्याआधी दोन्ही रूपांत तिथे मऊ मातीचा गोळा दाबून पाहा. गोळा चेपला नाही तर भरा.

जुनी खेळणी हाती आली तर

१९८० च्या दशकाच्या शेवटच्या काही वर्षांत आणि नंतरही वापरलेलं सोनेरी लहरींचं प्लास्टिक आपोआप ठिसूळ होऊन भुगा होतं. जपून ठेवलेल्या, न उघडलेल्या खेळण्यातही ते होतं, आणि त्याला उपाय नाही. सांधा अशा प्लास्टिकचा असेल तर रूपांतर न करता आहे त्या रूपात ठेवा. पिवळं पडलेलं पांढरं प्लास्टिक हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अतिनील प्रकाशाने उजळतं, पण पिवळेपणा परत येऊ शकतो. स्टिकर, क्रोम आणि धातूचे भाग आधी काढून ठेवा, हातात मोजे घाला. क्रोमचा मुलामा फार पातळ असतो. तो ओल्या मऊ कापडाने पुसा, स्पिरिटने नाही.

ठेवणं

थेट ऊन आणि उष्णता दोन्ही टाळा. बारीक पायांचा रोबो उभा ठेवायचा असेल तर कमरेला स्टँडचा आधार द्या, नाहीतर घोट्याचे सांधे वजनाने सैल होतात. पीव्हीसीचे लवचिक भाग ज्या स्थितीत दाबून ठेवाल तशीच वळणं धरतात, म्हणून जास्त काळासाठी ठेवताना ज्या रूपात ते सरळ राहतात ते रूप निवडा. वळलेला भाग गरम पाण्यात बुडवून सरळ करायचा आणि लगेच थंड पाण्यात घालायचा. बदलायचे हात, विमानाचे जादा भाग आणि उरलेले स्क्रू छोट्या झिप पिशवीत घाला आणि पिशवीवर किटचं नाव व दर्जा लिहा. तीच पिशवी पुस्तिकेला स्टेपल करा. १/१४४ ची चार किटं जवळ झाली की कुठली मूठ कोणाची हे नुसतं पाहून सांगता येत नाही, आणि पुढच्या रूपांतराला पुस्तिका लागतेच.